शहाद्यातील अंत्यविधी सामानाचे दुकान: माहिती पक्की, मडके कच्चे

अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानाविषयी सहसा कोणी अभिप्राय लिहीत नाही, कारण तेथून बाहेर पडलेला माणूस पुन्हा त्या पायरीकडे पाहायलाही तयार नसतो. माघ महिन्यात आमच्या मोठ्या आई, म्हणजे थोरल्या काकू, गेल्या तेव्हा शहाद्याच्या बाजारपेठेतील अशा एका दुकानात मला तेरा दिवसांत तीनदा जावे लागले, म्हणून हे लिहीत आहे.

दुकानदार वयस्कर आहेत आणि पैशांचे शेवटी बोलतात. "कोण गेलं, भाऊ? सवाशीण का?" हा त्यांचा पहिला प्रश्न, कारण सवाष्णीसाठी हिरवे लुगडे, बांगड्या आणि मळवटापुरते कुंकू काढावे लागते, विधवेसाठी नाही. (मोठ्या आईंना हा भेद जिवंतपणीही खटकत असे. आम्ही हिरव्या बांगड्या मुद्दाम मागितल्या आणि त्यांनी चकार शब्द न काढता त्या बांधून दिल्या.) तिरडीचे बांबू, कामट्या, सुतळी, मांजरपाट, गुलाल, वाटेत उधळायच्या लाह्या आणि दोन मडकी, एक विस्तवाचे व एक पाण्याचे, असे सगळे 2,400 रुपयांत झाले.

भिंतीवरचे पंचांग पाहून त्यांनी पंचक असल्याचे सांगितले. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या नक्षत्रांत चंद्र असताना मृत्यू आला, तर घरातली आणखी पाच माणसे जातात अशी समजूत असून, ते टाळण्यासाठी मृतदेहासोबत पाच पुतळे जाळतात. येथे भीती विकणे सहज शक्य होते. पण पुतळे विकत घेऊ नका, घरीच कणकेचे करा, असे ते म्हणाले. या एका वाक्यासाठी मी दुकानाला चांगले म्हणेन.

तक्रार आहे ती मडक्याची. चितेभोवती पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीला जीवखड्याने, म्हणजे विधीसाठी घेतलेल्या दगडाने, त्याला एक भोक पाडायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. माझ्या चुलतभावाच्या खांद्यावरचे मडके पहिल्याच ठोक्याला उभे फुटले, तो कमरेपर्यंत भिजला आणि जमलेल्या मंडळींत "जीव अडकला" अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज दहाव्यापर्यंत पुरली. प्रकाशा गावी तापी-गोमाईच्या संगमावर कावळा पिंडाला अर्धा तास शिवला नाही, तेव्हाही तिचेच कारण काढले गेले. शेवटी धाकट्या नातीचे शिक्षण थांबवणार नाही असे मोठ्याने कबूल केल्यावर तो शिवला. दुकानदारांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "भट्टी कच्ची होती, भाऊ. अपशकुन कशाचा?" मडक्याचे पैसे त्यांनी परत केले, आठ दिवसांची धास्ती मात्र परत करता येण्यासारखी नव्हती.

त्यांच्याकडचा सल्ला मालापेक्षा सरस आहे. आमच्याकडे जेथे प्राण गेला तेथे दिवा ठेवून, शेजारी पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळी उमटलेल्या खुणेवरून जीव कोणत्या योनीत गेला ते ओळखतात. "ज्वारीचं, दोनदा चाळलेलं घ्या, भरड पिठात काहीच उमटत नाही, मग बाया रडत बसतात," असे त्यांनी बजावले होते. आमच्या पिठात सकाळी बारीक, तिरकी रेघ होती. आत्याने ती चिमणीच्या पायाची ठरवली. मला ती टोपलीच्या सुटलेल्या काडीची वाटली, पण मी गप्प राहिलो.

दुकान दुपारी बंद नसते आणि मध्यरात्री फोन उचलला जातो, हेही नोंदवायला हवे. आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोठ्या आईंच्या नावाने पहिली घागर भरायची आहे. तिच्यावर ठेवायचे खरबूज आणि आंबे बाजारात मिळतील, सांजोऱ्या घरी होतील. घागर मी याच दुकानातून घेणार आहे, पण टिचकी मारून, आवाज ऐकून.