फ्रेमसेटवर चालवलेली दुकानाची यादी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या पंधरवड्यात सांगलीच्या एका घाऊक गिऱ्हाइकाने आमच्या इंटरनेटवरच्या यादीतील पुकरी प्रकारची चप्पल पसंत केली, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील पत्ता कॉपी केला आणि 'या लिंकमधले 40 जोड पाठवा' असे व्हॉट्सॲपवर कळवले. लिंक उघडली तेव्हा समोर कापशी हा दुसराच प्रकार आला आणि आम्ही कापशीच भरून पाठवली. परतीचे भाडे आमच्या अंगावर पडले. चूक गिऱ्हाइकाची नव्हती आणि माल भरणाऱ्या पोराचीही नव्हती. आमची यादी फ्रेमसेटवर आहे, म्हणजे ब्राउझरची खिडकी चौकटींत (फ्रेममध्ये) विभागून प्रत्येकीत वेगळे पान दाखवण्याच्या जुन्या पद्धतीवर. फ्रेमसेटमध्ये उजव्या चौकटीत कोणतेही पान उघडले, तरी वरचा पत्ता मुख्य पानाचाच राहतो, त्यामुळे लिंक उघडणाऱ्याला नेहमी पहिलेच पान दिसते.

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळच्या आमच्या दुकानाची ही यादी मी नोटपॅडमध्ये स्वतः तयार केली, कारण साइट बांधून देणाऱ्याने सांगितलेला खर्च आम्हाला पेलणारा नव्हता. फ्रेम 1996 मध्ये नेटस्केप नेव्हिगेटर 2.0 या ब्राउझरबरोबर आल्या आणि वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या 2014 च्या आवृत्तीने, एचटीएमएल 5 ने, फ्रेमसेट बाद ठरवला, हे मला ठाऊक होते. तरीही आजचे ब्राउझर तो दाखवतात, म्हणून मी तो निवडला. पहिले सहा महिने मी समाधानी होतो. डावीकडे प्रकारांच्या नावांची 220 पिक्सेलची यादी, उजवीकडे फोटो आणि भाव. नवा प्रकार आला की एकाच फाइलमध्ये एक ओळ वाढवायची, बाकी साठ पानांना हात लावायचा नाही. 'मागे' हे बटण बिघडेल अशी भीती होती, तीही खोटी ठरली. सुरुवातीला टार्गेट, म्हणजे लिंक कोणत्या चौकटीत उघडायची ते, लिहायचे राहिले, तेव्हा फोटो डाव्या अरुंद पट्टीतच उघडून अर्धा कापला जाई. यादीच्या फाइलमध्ये सगळ्या लिंकना लागू होणारी बेस टार्गेटची एक ओळ घातली आणि तो त्रास संपला. मोबाइलवर मात्र पडद्याच्या 360 पिक्सेल रुंदीमधून यादीचे 220 गेल्यावर चपलेला 140 उरतात, म्हणजे अंगठा आणि वेणी ओळखूच येत नाही.

पत्त्याचा दोष असा एका ओळीने जात नाही. आतल्या पानाची थेट लिंक दिली, तर चप्पल बरोबर दिसते, पण डावीकडची यादी नाहीशी होते आणि गिऱ्हाइकाला दुसरा माल पाहण्याची वाटच उरत नाही. दुकानदाराला हे परवडत नाही, कारण आमचा निम्मा व्यवहार आता लिंक पाठवूनच होतो.

म्हणून इंटरनेटवरची यादी मी सर्व्हर-साइड इन्क्लूडवर नेत आहे. यादीची फाइल एकच राहते, सर्व्हर ती प्रत्येक पानात घालून देतो आणि प्रत्येक चपलेला स्वतःचा पत्ता मिळतो. आमच्या होस्टिंगमध्ये ही सोय असल्याने जादा पैसेही लागत नाहीत. गल्ल्याजवळच्या संगणकावर यादी सर्व्हरशिवाय, थेट फोल्डरमधून उघडते आणि तिथे इन्क्लूड चालत नाही. तेवढ्यापुरता फ्रेमसेट मी तसाच ठेवला आहे.