मासेमारीचं जुनं रीळ सुधारायचं की नवं घ्यायचं?

स्वीडनमधल्या स्वँगस्ताचं जुनं आबू ॲम्बॅसेडर ६५०० सी रीळ घरात असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी ड्रॅगचे, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी आवरत सोडणाऱ्या ब्रेकचे, वॉशर बदला. जुने वॉशर झिजले किंवा तेलकट झाले की ड्रॅग अडकत, झटके देत सुटतो आणि मोठा मासा नेमक्या त्याच झटक्यात दोरी तोडतो. कार्बन वॉशर, ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा पातळ थर, आणि दोरी एकसारखी सुटू लागते. नव्या रिळाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

स्पूलच्या, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरत्या भागाच्या, सिरॅमिक बेअरिंगबद्दल मात्र जपून. हलकं आमिष लांब फेकणाऱ्याला फरक कळतो. जड शिसं लावून कोकणातल्या खडकांवरून गळ टाकणाऱ्याला फारसा नाही. उलट स्पूल जास्त मोकळा फिरला की दोरीचा गुंता वाढतो. जुनी बेअरिंग धुऊन, तेल घालून बघा आधी.

नवं लो-प्रोफाइल, म्हणजे बसक्या बांध्याचं, रीळ हलकं असतं आणि मुठीत छान बसतं. हँडल जराही मागे जात नाही; जुन्या रिळात तेवढी ढिलाई राहतेच. दिवसभर सतत आमिष फेकायचं असेल तर नवंच घ्या.

मुख्य गिअरचे दात झिजलेत किंवा फ्रेम खाऱ्या पाण्याने खाल्ली आहे? मग सुट्या भागांवर पैसे घालू नका. आणि नुसता ड्रॅग घट्ट केल्याने रीळ बळकट होत नाही, तो सगळा ताण त्याच जुन्या गिअरवर येतो.