मिशिगन २००८: घरच्या सात सामन्यांचं तिकीट, विजय दोन

या हंगामाला पाचपैकी दोन तारे. त्यातला एक निव्वळ विस्कॉन्सिनविरुद्धच्या उत्तरार्धाचा.

आधी हिशोब. मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ २००८ मध्ये १२ सामने खेळला, ३ जिंकला, ९ हरला. विजयांपेक्षा पराभव जास्त असा १९६७ नंतरचा हा पहिला हंगाम, आणि सलग ३३ वर्षं बाउल सामना (हंगामाअखेर निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना) खेळण्याचा रिवाजही इथेच मोडला. अ‍ॅन आर्बरच्या लाखभर आसनांच्या स्टेडियममध्ये सात सामने झाले. त्यात हाती लागले मायामी (ओहायोतली, फ्लोरिडातली नव्हे) आणि विस्कॉन्सिन.

प्रशिक्षक लॉइड कार यांच्या जागी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाहून आलेले रिच रॉड्रिगेझ यांचं चलनी नाणं म्हणजे झोन रीड हा डाव. क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) सेंटरच्या, म्हणजे पुढच्या रांगेतल्या मधल्या खेळाडूच्या, चारपाच यार्ड मागे उभा राहून त्याने मागे टाकलेला चेंडू (स्नॅप) घेतो, तो रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी धरतो आणि नजर ठेवतो ती मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतल्या टोकाच्या खेळाडूवर. एंड रनिंग बॅकच्या मागे आत घुसला, की चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो जागचा हलला नाही, तर चेंडू देऊन टाकायचा. एकाला न अडवता चकवलं, की बाकीच्यांसाठी एक ब्लॉकर (प्रतिस्पर्ध्याला अडवणारा) जास्तीचा मिळतो. सगळी मेख यात आहे. पण क्वार्टरबॅक पळणारा नाही हे एंडने ओळखलं, की तो बिनधास्त रनिंग बॅकवर तुटून पडतो आणि डाव तिथेच बसतो.

मिशिगनचं नेमकं हेच झालं. आधीच्या आक्रमणाचे आधार चॅड हेनी, माइक हार्ट, जेक लाँग, मारिओ मॅनिंगहॅम सगळे एकदम संघ सोडून गेले. क्वार्टरबॅक रायन मॅलेटने आर्कान्सास विद्यापीठ गाठलं. तसा तोही उभ्या जागेवरून फेकणाराच. क्वार्टरबॅक म्हणून उरले ६ फूट ५ इंचांचा स्टीव्हन थ्रीट आणि निक शेरिडन. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (आक्रमणाच्या पुढच्या अडवणाऱ्या रांगेत) अनुभवी म्हणावा असा स्टीफन शिलिंगच. मोटारीला ट्रॅक्टरचं इंजिन बसवावं तसा प्रकार. सामन्यामागे गुण केले सरासरी २०, दिले जवळपास २९.

सगळ्यात महाग पडला टोलेडोविरुद्धचा सामना. टोलेडो ज्या मिड-अमेरिकन गटातला, त्यातल्या संघांशी तोवरचा हिशोब २४ विजय, पराभव शून्य असा होता. इथे गोलरेषेजवळ पोचून दिलेला पास टोलेडोने पकडला आणि थेट १०० यार्ड पळवत नेला. शेवटी बरोबरीसाठी २६ यार्डांची किक होती, तीही हुकली. १०-१३.

बचावाचं खापर मात्र हाताशी असलेल्या खेळाडूंवर फोडता येत नाही. पर्ड्यूविरुद्ध ऐन हंगामात ३-३-५ रचना काढली: पुढच्या रांगेत तीन लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर, सगळ्यात मागे पास अडवणारे पाच डिफेन्सिव्ह बॅक. कोणती फट कोणी भरायची हे अंगवळणी पडायला अख्खा उन्हाळ्याचा सराव लागतो. काही दिवसांत शिकवलेल्या रचनेने ४८ गुण दिले, आणि आक्रमणाने त्या दिवशी केलेले ४२ पाण्यात गेले. ही चूक टाळता आली असती.

डावपेच मुळात खोटे नव्हते. याच पद्धतीत २०१० मध्ये डेनार्ड रॉबिन्सन क्वार्टरबॅक असताना १,७०२ यार्ड पळाला. पण बचाव तेव्हाही गळकाच होता आणि जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझ यांना नारळ मिळाला.

जुनं चित्रण बघायचं तर विस्कॉन्सिनविरुद्धचा सामना निवडा. मध्यंतराला ०-१९, शेवटी २७-२५. टचडाउननंतर मिळणारा, बरोबरीसाठीचा दोन गुणांचा जादा प्रयत्न विस्कॉन्सिनला एकदा साधला होता, पण पेनल्टीने रद्द झाला आणि दुसऱ्यांदा फसला. त्याआधीची थ्रीटची ५८ यार्डांची धाव थांबवून थांबवून बघा. चेंडूकडे बघू नका, मोकळ्या सोडलेल्या एंडकडे बघा. थ्रीट पळेल असं कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, म्हणून तर समोर एवढं मैदान मोकळं मिळालं.

ओहायो स्टेटविरुद्धचा ७-४२ असा हरलेला सामना पहिल्या क्वार्टरनंतर (पाव सामन्यानंतर) बंद केलात तरी चालेल.