नरकासुराच्या तयारीला वाचलेली कॉमिक्स: नव्या व्हिलनांत खरा दम कुणात?

गेल्या दिवाळीला पहाटे नरकासुर जाळून घरी परत येताना भाचा म्हणाला, मामा, दरवर्षी तेच सुळे आणि तेच वटारलेले डोळे, हल्लीच्या कॉमिक्समधले व्हिलन बघ ना जरा. आमच्या गोव्यात फोंड्याकडच्या वाड्यावर मुखवट्याचं काम माझ्याकडे असतं, बांबू, लोखंडी सांगाडा, गवत, रद्दी ते सगळं पोरं बघतात पण तोंड मी करतो, त्यामुळे ते बोलणं डोक्यात राहिलं. मग काही पुस्तकं त्याच्याकडून घेतली, काही मागवली आणि अख्खा पावसाळा ओट्यावर बसून वाचली. आता चवथ म्हणजे गणपती होऊन गेले, सांगाड्याचं बोलणं सुरू झालंय, म्हणून जे वाटलं ते लिहितो.

माझं मोजमाप एकच होतं. नरकासुराने मरताना वर मागितला की माझ्या मरणाच्या दिवशी लोकांनी सण करावा, आणि बघा, आपण अजून करतोय. तर व्हिलनला जाळल्यावर मागे काय उरतं? ताकद किती, डोकी किती फोडली हे मी बघितलंच नाही.

सगळ्यात आधी कोर्ट ऑफ आऊल्स. २०११ साली डीसी या कॉमिक्स कंपनीने आपली सगळी मासिकं परत एक नंबरपासून सुरू केली तेव्हा स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो या जोडीने बॅटमॅनमध्ये ही घुबडं आणली, पहिल्या पुस्तकात १ ते ७ अंक आहेत. बॅटमॅनच्या गॉथम शहरातली जुनी पैसेवाली घराणी, तोंडावर पांढरे घुबडाचे मुखवटे, आणि पिढ्यानपिढ्या शहर आतून तेच चालवतायत. लहान मुलांच्या बडबडगीतात त्यांचं नाव आहे पण मोठी माणसं म्हणतात असलं काही नाहीच. ब्रूस वेनने, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनने, लहानपणी आईवडील गेल्यावर यांचाच माग काढला होता, हाताला काही लागलं नाही, म्हणून मोठेपणी तोच सगळ्यात ठामपणे सांगतो की ही नुसती गोष्ट आहे. आणि मग त्याला कळतं की जुन्या इमारतींत तेरा आकडा अशुभ म्हणून जो मजला मोजतच नाहीत तिथे यांचे अड्डे आहेत, तेही वेन घराण्याच्याच पैशातून बांधलेल्या इमारतींत! हे वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण आमच्या आजोळच्या राजांगणाच्या घरात एक खोली कायम कुलूप लावलेली असायची, विचारलं की आजी म्हणायची काही नाही रे तिथे, जुनी भांडी आहेत. असेलही. पण ते कुलूप मला अजून आठवतं. गोव्यात जुनी घरं, जुनी भाटं म्हणजे माडांच्या बागा, कुणाचं कुणाशी काय नातं हे ज्याने बघितलंय त्याला ही घुबडं समजावून सांगावी लागणार नाहीत.

पाचवा अंक तर खास आहे, बॅटमॅन त्यांच्या भुलभुलैयात अडकतो, दिवसांमागून दिवस जातात, डोकं फिरायला लागतं आणि पुस्तकाची पानंच आडवी होतात, मग उलटी, म्हणजे वाचायचं तर पुस्तक हातात गोल फिरवावं लागतं. मी ओट्यावर पुस्तक फिरवत बसलेलो आणि एका क्षणी खरंच कळेना आपण पुढे वाचतोय की मागे. हे टॅबलेटवर वाचू नका, स्क्रीन आपोआप फिरते आणि सगळी मजा जाते. कागदाचंच घ्या, फक्त चकचकीत कागद आपल्याकडच्या दमटपणात पटकन चिकटतो, म्हणून कपाटात ठेवताना पुस्तकं दाबून ठेवू नका.

एकच तक्रार आहे. घुबडांचे मारेकरी, म्हणजे टॅलन, सर्कशीतून उचललेली पोरं असतात, ती कल्पना जबरदस्त आहे कारण बॅटमॅनचा पहिला रॉबिन डिक ग्रेसन पण त्याच सर्कशीतला आणि त्यालाही टॅलनच करायचं होतं. पण पुढे एकाच रात्री खूप सारे टॅलन बाहेर पडतात आणि नुसती हाणामारी होते. घुबडं दिसत नाहीत तोपर्यंतच भीती वाटते.

आता गॉर. दुसरी कंपनी मार्व्हल, तिच्या २०१२ च्या शेवटी सुरू झालेल्या थॉर या गडगडाटाच्या देवाच्या मालिकेतला, लेखक जेसन आरन, चित्रं एसाद रिबिच. देव मारत फिरणारा माणूस. एकाच गोष्टीत तीन थॉर आहेत, नवव्या शतकातला तरणा आणि माजलेला, आजचा, आणि हजारो वर्षांनंतर अस्गार्ड या देवांच्या रिकाम्या नगरीत एकटा उरलेला म्हातारा राजा, आणि तिघांच्याही मागे हाच एक गॉर लागलेला. थॉर देवांची जुनी दफ्तरं चाळतो तेव्हा त्याला कळतं की कितीतरी देव बेपत्ता आहेत आणि कुणाला त्याचा पत्ताच नाही, ही जागा मी दोनदा वाचली.

पण गॉर असा का झाला ते पहिल्या पुस्तकात सगळं येत नाही, दुसऱ्याच्या सुरुवातीला, सहाव्या अंकात येतं, म्हणून पहिलं संपवून थांबू नका. ओसाड ग्रह, खायला काही नाही, घरचे सगळे देवाला हाका मारतायत आणि एकेक करून मरतायत. आई, बायको, पोरं. देव येत नाही. आणि सगळं संपल्यावर एक दिवस दोन देव आभाळातून समोर येऊन पडतात, आपसात भांडताना! म्हणजे देव होते, फक्त यायला वेळ नव्हता. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, देवाला प्रसाद लावतात, फूल उजवीकडून पडलं की डावीकडून यावर घरातले निर्णय होतात, मी स्वतः लेकीच्या आजारपणात ते केलंय आणि ती बरी झाली. पण ज्याचं फूल पडलंच नाही त्याने काय करायचं? गॉर म्हणजे तो माणूस. त्याने जे केलं ते भयंकर आहे, पण त्याचा प्रश्न खोटा नाही.

आणि माझ्या मोजमापात तो इथेच सगळ्यांच्या पुढे जातो. गॉर हरतो, संपतो. मग २०१४ च्या एका गोष्टीत निक फ्युरी नावाचा गुप्तहेर थॉरच्या कानात काहीतरी कुजबुजतो आणि जो लायक असेल त्यालाच उचलता येतो तो स्वतःचा हातोडा थॉरला उचलता येईनासा होतो, ते काय होतं हे २०१७ मध्ये कळलं: गॉर बरोबर होता. बस. मेलेल्या व्हिलनच्या एका विचाराने हिरोला जमिनीवर आणलं. २०२२ च्या सिनेमात ख्रिश्चन बेलने काम जीव ओतून केलंय पण सिनेमाने त्याला जागाच दिली नाही, नुसता सिनेमा बघून गॉरबद्दल मत करू नका.

मेकर तिसरा. हा मार्व्हलच्या फँटॅस्टिक फोरमधला शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्सच, पण दुसऱ्या विश्वातला, आधी हिरो असलेला आणि नंतर सडलेला. २०२३ मध्ये जोनाथन हिकमन आणि ब्रायन हिच यांच्या चार अंकांत तो एका नव्या जगाच्या भूतकाळात जातो आणि हिरो हिरो होण्याआधीच त्यांची संधी काढून घेतो. कोळी पीटर पार्करला चावतच नाही. मग २०२४ ला सुरू झालेल्या स्पायडर-मॅनमध्ये पीटर पस्तिशीच्या आसपासचा संसारी माणूस आहे, बायको, दोन पोरं, नोकरी, आणि काहीतरी राहून गेलंय ही हुरहुर. मारून टाकण्यापेक्षा हे वाईट आहे, कारण त्याला माहीतच नाही की काय चोरीला गेलंय. शिवाय मेकर स्वतः आपल्या शहरात दोन वर्षं बंद आणि गोष्टीतला वेळ आपल्या वेळेबरोबरच चालायचा, महिना गेला की तिकडेही महिना जायचा. व्हिलन समोर नव्हता पण त्याच्या परतीची तारीख डोक्यावर होती, हे फार आवडलं.

पंचलाइनबद्दल मला हळहळ वाटली. २०२० मधली, जेम्स टायनियन आणि हॉर्हे हिमेनेझ यांची, कॉलेजात शिकणारी साधी मुलगी, बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्याबद्दल पॉडकास्ट करत करत त्याच्याच नादाला लागते, खटला उभा राहतो तेव्हा बाहेर तिला मानणारी पोरं गोळा होतात. किती आजची गोष्ट आहे! मोबाईलवर कुणाचं ऐकून आपलीच मुलं कुठे वाहत जातात हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे. पण तिला बहुतेक वेळा जोकरची नवी मैत्रीण म्हणूनच वापरलंय, चाकू देऊन उभी केलीय. कुणीतरी शांतपणे, चाकूशिवाय, ही मुलगी परत लिहायला हवी.

फेलसेफ, २०२२, लेखक चिप झदार्स्की. बॅटमॅन कधी वाट चुकून खुनी झाला तर त्याला थांबवायला त्याच्याच मनातल्या दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाने बनवलेलं यंत्र. कल्पना पैकीच्या पैकी, पण अर्ध्यातून धावाधाव जास्त होते.

मार्व्हलचा नल आणि डीसीचा बॅटमॅन हू लाफ्स (जोकरसारखा झालेला दुसऱ्या विश्वातला बॅटमॅन) दिसायला कमाल आहेत, डोळ्यांवर काटेरी पट्टी बांधलेला तो हसरा बॅटमॅन बघून आमची पोरं वेडी झाली, पण वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मला त्यांच्यातलं चित्रच आठवलं, बाकी काही नाही.

एकच घ्यायचं असेल तर गॉर घ्या, दोन्ही भाग एकदम. ज्याला स्वतः लिहायचंय, चित्रं काढायचीत त्याने मात्र घुबडं घ्यावीत, कारण गॉरची गोष्ट आरनने पुरी केलीय, आणि घुबडं कुठल्याही गावात, कुठल्याही जुन्या घरात बसवता येतील, त्यांच्यावर अजून शंभर गोष्टी निघतील.

पोरांशी बरीच हुज्जत झाली. नरकासुर नरकासुरच राहणार, पण त्याच्या मागे अंधारात पांढऱ्या तोंडाची पाच घुबडं उभी करायची ठरलंय, त्यांच्यावर लाइट मारायचा नाही. पहिल्या मुखवट्याचा कागद काल लावला, या हवेत वाळायला अजून तीन दिवस तरी जातील.