संहती शून्याखाली जाऊ नये म्हणून: सीव्होडचा काही महिन्यांचा अनुभव

रासायनिक अभिक्रियांच्या समीकरणांसाठी मी सध्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या सनडायल्स संचातला सीव्होड (CVODE) हा विकलक समीकरणं सोडवणारा प्रोग्राम वापरतोय. आधी सायपाय (SciPy) या पायथन लायब्ररीतला सॉल्व्हर होता. त्यात बाकी सगळं चांगलं, पण 'हे चल ऋण होऊ देऊ नको' असं सांगायची सोय नाही.

ऋण संहती, म्हणजे पदार्थाचं प्रमाण शून्याखाली, नुसती दिसायला वाईट नसते. रॉबर्टसनचं 1966 चं उदाहरण घ्या: तीन पदार्थ, वेगस्थिरांक 0.04, 10⁴ आणि 3×10⁷. मधल्या पदार्थाची संहती 3.65×10⁻⁵ च्या आसपास चढते आणि मग उतरतच जाते. पुढे कधी ती किंचित ऋण झाली, तर उत्तर ऋण अनंताकडे सुटू शकतं. सायपायचा डीफॉल्ट निरपेक्ष टॉलरन्स, म्हणजे उत्तरात चालवून घेतली जाणारी चूक, 10⁻⁶ आहे. संहती त्याच्या खाली गेली की तिचं चिन्हसुद्धा भरवशाचं राहत नाही.

सीव्होडमध्ये प्रत्येक चलाला अट लावता येते: 1 म्हणजे ऋण नको, 2 म्हणजे शून्यही नको. अट किरकोळ मोडली तर तो उत्तर दुरुस्त करतो, जास्त मोडली तर स्टेप (एका वेळी पुढे सरकायचा काळ) लहान करून पुन्हा सोडवतो. हे चोख चालतं. तरी मला सर्वात जास्त उपयोग झाला तो प्रत्येक चलाला वेगळा टॉलरन्स देण्याचा. सीव्होडसोबत येणाऱ्या रॉबर्टसनच्या नमुन्यात 10⁻⁸, 10⁻¹⁴ आणि 10⁻⁶ असे टॉलरन्स आहेत. मधला आकडा बघा! त्याच धर्तीवर माझे टॉलरन्स बसवल्यावर बहुतेक मॉडेलांत अट न लावताही ऋण आकडे थांबले.

ऋण आकडा दिसला की शून्य करून टाकायचा, हा सर्रास चालणारा उपाय कृपा करून टाळा. त्याने नसलेलं वस्तुमान जन्माला येतं. समीकरणाच्या आतच ऋण आकड्याचं शून्य केलं तर फलनाला कोपरा पडतो आणि प्रत्येक स्टेपचं उत्तर शोधणारी न्यूटनची पुनरावृत्ती अडखळते. त्यापेक्षा ऋण आकडा आला की समीकरणं मांडणाऱ्या आपल्या फलनातून 'सावरता येण्याजोगी चूक' असा धन कोड परत द्यावा. सीव्होड स्वतःच स्टेप कमी करतो.

उणिवा आहेत. तुलना फक्त शून्याशी होते, त्यामुळे 1 ही वरची मर्यादा हवी असेल तर 1−x हे वेगळं चल धरावं लागतं. अट तपासली जाते स्टेपच्या शेवटी. मधल्या क्षणांची उत्तरं इंटरपोलेशनची (दोन स्टेपांमधून अंदाजाने काढलेली) असतात, ती तुम्हीच तपासा. आणि पोषकद्रव्य-प्लवकांसारख्या मॉडेलांत, जिथे मोठ्या स्टेपलाही धनता आणि वस्तुमान दोन्ही टिकायला हवं, तिथे मी अजूनही 2003 मध्ये मांडलेली सुधारित पातणकर पद्धतच वापरतो.