"वय दिसत नाही हं तुमचं": बॉडी इमेजच्या ग्रुपचा रिव्ह्यू, खुर्च्यांसकट

बॉडी इमेज म्हणजे आपलं शरीर आपल्याला कसं वाटतं, त्यावरचा सहा आठवड्यांचा ग्रुप नुकताच संपला. नाव देत नाही, कारण तक्रारी पण लिहायच्यात आणि तिथली फॅसिलिटेटर, म्हणजे ग्रुप चालवणारी मुलगी मनापासून चांगली आहे. आठवड्यातून एकदा दीड तास, आम्ही अकरा जण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. एकाचा पाय कृत्रिम, एकीच्या चेहऱ्यावर कोड, एक काका पूर्ण दृष्टिहीन. मी ६२ ची. का गेले विचाराल तर नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी त्याच्याकडे कमी आणि कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःच्या लोंबणाऱ्या गळ्याकडेच जास्त बघते हे लक्षात आलं, मग फोन वर छताकडे धरायला लागले, तर तो म्हणतो आजी तू पंख्यात राहतेस का.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. खुर्च्या सगळ्या हातवाल्या, अरुंद. अंगाने भरपूर असलेल्या एक ताई आल्या, खुर्चीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या मी उभीच बरी, पाठ धरलीये. पाठबिठ काही धरली नव्हती हे सगळ्यांना कळत होतं. दीड तास उभ्या राहिल्या हो! फॉर्ममध्ये ऐकू येतं का, चष्मा आहे का सगळं विचारलेलं, बसणार कशावर एवढंच नाही. पुढच्या वेळी बिनहाताच्या खुर्च्या आल्या, पण ते आधी सुचायला हवं होतं ना.

सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतात, दहा वाक्यं, प्रत्येकाला १ ते ५ मार्क. ही २०१५ ची, टिल्का आणि वूड-बारकालो या संशोधकांची, आपल्या शरीराबद्दल आदर किती वाटतो ते मोजणारी. माझे ५० पैकी २३ आले, शेवटच्या दिवशी ३१. पण खरं सांगू का, शेवटी त्या मुलीला वाईट वाटू नये म्हणून मी दोन-तीन ठिकाणी एकेक मार्क वाढवलाच असेल, त्यामुळे त्या आकड्यावर फार जाऊ नका.

दुसरा-तिसरा आठवडा सरळ तरुण मुलींच्या प्रोग्रॅममधून उचललेला. एरिक स्टाइस वगैरे मानसशास्त्रज्ञांनी शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी जे तयार केलं त्यात सौंदर्याच्या ठरलेल्या साच्याविरुद्ध स्वतःच बोलायचं, लिहायचं असतं, कारण माणूस स्वतःच्या तोंडाने एखादी गोष्ट खोडून काढतो तेव्हा त्याचा स्वतःचाच तिच्यावरचा विश्वास सैल होतो. कल्पना भारी आहे. पण आम्हाला दिलेल्या कागदावर अजून बिकिनी आणि सिक्स पॅक! एक काका म्हणाले, बाई, मला बारीक व्हायचं नाहीये, मला लघवीची पिशवी लावल्यापासून लोकांत बसायची लाज वाटते, त्याविरुद्ध काय लिहू? मग तिने कागद बाजूला ठेवला आणि पुढचा अर्धा तास फक्त त्यावर बोलणं झालं, तो अर्धा तास अख्ख्या दोन आठवड्यांना भारी होता.

आरशाचा व्यायाम पण तसाच. आरशासमोर उभं राहून आवडणाऱ्या गोष्टी सांगायच्या. दृष्टिहीन काका शांतपणे म्हणाले, मला आरशाकडून काही येणं नाही, पण हजामत करताना गाल पोकळ लागतो तेव्हा वाईट वाटतं. शरीराची प्रतिमा डोळ्यांतच असते असं थोडंच आहे, हातालाही असते! मी त्या दिवशी घरी जाऊन डोळे मिटून स्वतःचा गळा चाचपला. मऊ लागला. बस, मऊ.

चौथ्या आठवड्यासाठी मात्र पूर्ण मार्क. शरीर दिसतं कसं हे सोडून ते काय काय करतं यावर लिहायचं, पंधरा-पंधरा मिनिटं, आठवड्यात तीनदा. ही पद्धत जेसिका अलेवा यांच्या संशोधनातली, आणि २०१८ मध्ये त्यांनी ती संधिवात असलेल्या बायकांवर करून बघितली तेव्हाही उपयोग झाला. मला आधी शंका होती, कारण आमच्या वयात शरीर काय करतं लिहायला बसलं की काय काय बंद पडलं याचीच यादी होते. माझी पहिली वही तशीच झाली: गुडघा, झोप, वरचा डबा काढणं. मग आमच्या फॅसिलिटेटरने सांगितलं की चालणं-पळणंच नाही, वास घेणं, जखम भरणं, कुणाला जवळ घेणं हे पण लिहा. मी लिहिलं की माझ्या हाताला अजून अंधारात कुलपाचं भोक सापडतं. हसू नका, मला फार बरं वाटलं.

ग्रुपचा एक नियम होता, दिसण्यावर शेरा नाही, चांगला पण नाही. मला आधी चक्रमपणा वाटला. पण एक दिवस मीच त्या कोडवाल्या ताईंना म्हणून गेले, वय दिसत नाही हं तुमचं. त्या म्हणाल्या, दिसलं असतं तर काय झालं असतं? मला उत्तर देता आलं नाही, अजून येत नाही.

एक स्लाइड खटकली. बेका लेवी या संशोधक बाईंचा २००२ चा अभ्यास, म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे साडेसात वर्षं जास्त जगले, असं मोठ्या अक्षरात. अभ्यास खरा आहे, पण तो वय होण्याबद्दलच्या मतांचा होता, गळ्याच्या सुरकुत्यांचा नाही, आणि एक गोष्ट दुसरीबरोबर दिसली म्हणजे तिच्यामुळेच झाली असं नसतं. आयुष्य वाढण्याची स्कीम असल्यासारखं दाखवू नये.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सुरुवातीला खाण्याच्या त्रासाबद्दल कुणी काही विचारलं नाही. २०१२ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या १,८४९ बायकांचा ऑनलाइन सर्व्हे झाला होता, त्यात १३ टक्क्यांच्या वर बायकांमध्ये खाण्याच्या विकाराची लक्षणं होती, म्हणजे हे पोरीबाळींचं दुखणं आहे असं धरून चालत नाही. आमच्यातली एक जण मुद्दाम जेवण टाळत होती, हे पाचव्या आठवड्यात कळलं. तिला अशा ग्रुपच्या आधी डॉक्टर किंवा थेरपिस्ट हवा होता.

मी पाचपैकी साडेतीन स्टार देते. चौथा आठवडा एकटा असता तर पाच. जाणार असाल तर आधी फोन करून खुर्च्यांचं विचारा. आणि नातवाचा कॉल आला की फोन आता सरळ धरते, फक्त स्वतःचा तो चौकोन लपवायचं बटण त्यानेच शिकवलं.