हॉवेल्सचं 'कॉलेजियम रेगाले': काही महिने बासमध्ये गायल्यानंतर

इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या हौशी कॉयरनं, म्हणजे गायकवृंदानं, हिवाळ्यात संगीतकार हर्बर्ट हॉवेल्सचं 'कॉलेजियम रेगाले' हाती घेतलं. इथले लोक लाडानं 'कॉल रेग' म्हणतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं मरीयेचं स्तोत्र आणि म्हाताऱ्या शिमोनाचं निरोपाचं गाणं ही जोडी अँग्लिकन चर्चमध्ये इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या उपासनेला, गातात. 'कॉल रेग' म्हणजे हीच जोडी, हॉवेल्सनं ती १९४५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी बांधली.

आधी तक्रार. आम्हा बासवाल्यांना, म्हणजे सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजांना, मरीयेच्या स्तोत्रात बराच वेळ नुसतं उभं राहावं लागतं. सुरुवात वरच्या आवाजांची, हळुवार. देवानं आपल्या बाहूचं सामर्थ्य दाखवलं, या ओळीला आम्ही आत येतो. इतका वेळ गप्प बसलेला माणूस तिथे ओरडणारच! कॉयर चालवणाऱ्या आमच्या बाईंनी हात आडवा करून प्रत्येक तालमीला आम्हाला दाबलं. कारणही तसंच आहे. सिंहासनावरून बलवंत खाली येतात तिथेही हॉवेल्सला दणदणाट नको होता. गाणारी मरीया आहे हे त्याला सुटू द्यायचं नव्हतं. आवाज मोकळा सोडायचा तो शेवटच्या ग्लोरियात, म्हणजे देवाच्या स्तुतीच्या समारोपाच्या ओळींत. दोन्ही गीतांना ग्लोरिया तोच, त्यामुळे एकदा बसला की निम्मी काळजी मिटते.

मला जड गेली ती लय. लहानपणी तबला शिकलेला माझा कान सम शोधत राहतो आणि इथे ओळ मात्रांच्या रेघा ओलांडून तरंगत जाते. ऑर्गन खालून वेगळंच काही बोलत असतो. घरी हेडफोन लावून नुसतं ऐकलं तर सगळं गुळगुळीत वाटतं. स्कोर उघडून गायला लागलं की श्वास कुठे घ्यायचा हाच प्रश्न. शेजारच्याशी ठरवून आळीपाळीनं घ्या, दुसरा इलाज नाही.

शिमोनाचं गाणं पूर्णपणे टेनरच्या, म्हणजे वरच्या पुरुषी आवाजाच्या, भरवशावर आहे. बाकीचे मागे दबक्या आवाजात. तुमच्याकडे मऊ, न ताणता वर जाणारा टेनर नसेल तर या वाटेला जाऊच नका. आमच्याकडे आहे, नशीब.

जागेचंही तेच. हॉवेल्स इमारत डोक्यात ठेवून लिहायचा: लंडनच्या सेंट पॉल्ससाठी १९५१ मध्ये केलेल्या जोडीत तिथल्या लांबलचक प्रतिध्वनीसाठी सुरावटी सावकाश बदलतात. आमच्या तालमीच्या हॉलमध्ये गालिचा आहे, तिथे हे संगीत कोरडं, उघडं पडतं. दगडी चर्चमध्ये पहिल्यांदा गायलो तेव्हा ग्लोरियाचा शेवटचा 'आमेन' आम्ही थांबल्यावरही वर फिरत होता आणि ऑर्गनवाल्यानं बोटं उचलूनही पुढची प्रार्थना सुरू करायला पाद्रीबाबा थांबले.

किंग्जमध्ये टर्म चालू असताना इव्हनसाँगला कुणीही जाऊन बसू शकतं. ऐकायचं तर तिथे ऐका. गायचं असेल तर पाइप ऑर्गन आधी शोधा. पियानोवर आम्ही करून पाहिलं, ती साथ लगेच विरते आणि कॉयर उघडा पडतो.